आमची निपाणीची वखार

निपाणीच्या माणसाला विचारा, तुमच्या गावात विशेष काय? तो मिशीवरून हात फिरवून सांगतो, "कोल्हापूर जवळ हाय." बेळगावच्या माणसाला तेच विचारा. तो क्षणभर डोळे मिटतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "हवा." एकाला शेजारच्या गावाचा अभिमान, दुसऱ्याला आभाळातून फुकट मिळणाऱ्या वस्तूचा. मी पहिल्या गावात जन्मले आणि गेली अकरा वर्षं दुसऱ्यात सरकारी इंजिनिअर म्हणून नोकरी करते. त्यामुळे दोघांनाही नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे, आणि तो मी मनसोक्त वापरते.

बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. अजूनही म्हणतात, पण म्हणणारा एकही गरीब मला आजवर भेटलेला नाही. म्हणणारे सगळे टिळकवाडीत राहतात आणि एप्रिलात एसी लावून म्हणतात. पत्ता सांगताना गल्ली सांगत नाहीत, रेल्वेचं फाटक सांगतात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. कोण कुठल्या गेटाशी राहतो यावरून त्याला किती हसून बोलायचं ते ठरतं. प्रत्येक घरातला एक मुलगा पुण्यात असतो आणि तो कायम "येत्या महिन्यात" येणार असतो.

निपाणीचं तसं नाही. निपाणीत कोणी कोणाला पत्ता विचारत नाही, कारण विचारायच्या आधीच सगळं सगळ्यांना माहीत असतं. तंबाखूच्या हंगामात एसटीतून उतरलं की पहिली शिंक येते. गावातल्या माणसाला ती येत नाही. अलीकडे मला येते. मी दारात पोचायच्या आधीच आई आतून म्हणते, "पावनी आली." लग्नाचं कापड घ्यायला कोल्हापूर, डॉक्टरला दाखवायला कोल्हापूर, पिक्चर बघायला कोल्हापूर, निपाणीत नेमकं काय करायचं, तर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघायची. आणि बेळगावचं नाव काढलं की ओठ मुडपून म्हणायचं, "तिकडं सगळी साखर घालून बोलत्यात."

हे मात्र खरं आहे. बेळगावात माणसं गोड बोलतात, आणि गोड बोलता बोलता तीन प्रश्न विचारतात. आडनाव काय, मूळचे कुठले, वडील काय करायचे. तिन्ही प्रश्न मिळून खरा प्रश्न एकच असतो आणि तो कोणी तोंडाने विचारत नाही. इतकं सभ्य गाव आहे.

मी दुसऱ्या गेटाजवळच्या या इमारतीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात समोरच्या आक्का वाटीभर कुंदा, इथली खास मिठाई, घेऊन आल्या. आक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी इमारत त्यांना आक्का म्हणते आणि त्यांच्या पाणी सोडायच्या वेळा पाळते. कुंदा सुरेख होता. आडनाव विचारलं. आमचं आडनाव 'कर' लागणारं, गावावरून पडलेलं, त्यात कोणालाही कोणीही सापडतं. मूळ गाव विचारलं, मी सांगितलं. वडील काय करायचे विचारलं. मी म्हणाले, "तंबाखूच्या वखारीत होते." इथपर्यंत शंभर टक्के खरं. वडील वखारीत हमाल होते, पोती उचलायचे. आक्कांनी विचारलं, "स्वतःची?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. चारचौघांसारखी शिकलेली, परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेली, ऑफिसात ठेकेदाराला उभं राहून खडसावणारी बाई, आणि कुंद्याची वाटी हातात असताना तोंडातून "हो" निघून गेलं. कोणी गळा धरला नव्हता. नंतर ते "हो" वाढत गेलं. इमारतीतल्या बायका विचारायच्या, वखार केवढी, आता कोण बघतं. मी म्हणायची, भाड्याने दिली. नसलेल्या वखारीला मी भाडेकरूसुद्धा मिळवून दिला. घरी शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण हल्ली ती सगळ्यांच्याच शोकेसमध्ये असते, फ्लॉवरपॉटशेजारी, त्यामुळे तिनेही माझं बिंग फोडलं नाही.

खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात वडिलांपेक्षा आईच्या हातांनी जास्त कमावलं. आई विड्या वळायची. निपाणीत आमच्या गल्लीत दर उंबऱ्यावर एक बाई आणि तिच्या मांडीवर एक सूप. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने आत दुमडायचं, आणि पंचवीस झाल्या की जुडी बांधायची. माझी फी, माझी वह्यापुस्तकं, इंजिनिअरिंगची बस, सगळं त्या सुपातून आलं. हे मी आत्ता किती सहज लिहिलं बघा. लिहायला काही लागत नाही.

वडील गेल्यावर आई निपाणीच्या घरात एकटी राहू लागली. मी तीन वर्षं तिच्या मागे लागले होते, बेळगावला चल. नवरा हुबळीला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. मीही एकटी, तीही एकटी. ती ऐकेना. मग ती न्हाणीत घसरून पडली, पाय मुरगळला आणि दुपारपर्यंत कोणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका. आई म्हणाली, "एक म्हयना येतो. बघतो. जमलं तर ऱ्हातो, न्हाय जमलं तर न्हाय." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. बेळगावात आल्यावर मी ते टाकलं, येते-जाते म्हणायला लागले. आई टाकणारी नव्हती.

माझं सगळं त्या एका महिन्यावर होतं. आई राहिली तर रात्री-अपरात्री फोन वाजला की काळजात धस्स होणं संपणार होतं. ती गेली तर पुन्हा एकदा ती न्हाणी आणि ती एकटी.

पहिला आठवडा आईने फक्त दोष काढले. चहा पातळ, भाकरी जाड, रिक्षावाला उर्मट, दूधवाला फार नम्र म्हणजे नक्की लबाड. दुसऱ्या मजल्यावरून खाली बघून म्हणाली, "एवढी माणसं हायत, पर एकबी उंबऱ्यावर बसंना. ह्यांस्नी घरं कशाला पायजेत?" सकाळी शोकेससमोर मेणबत्ती लावून हात जोडून वंदना म्हणायची. आक्कांनी एकदा दारातून बघितलं आणि मला म्हणाल्या, "किती सात्त्विक आहेत गं तुझ्या आई. हल्ली मेडिटेशन कोण करतं?" मी म्हणाले, हो ना.

दुसऱ्या आठवड्यात आई आणि आक्का संध्याकाळी खालच्या बाकावर एकत्र बसू लागल्या. काय बोलायच्या देव जाणे. दोघींना एकमेकींचं मराठी निम्मं कळत असावं, पण गुडघे दोघींचे सारखेच दुखत होते. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "हितली भाजीवाली बरी हाय गं. वजनात मारत न्हाय." निपाणीच्या तोंडून बेळगावला मिळालेलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. आणि मग एका सकाळी अगदी सहज म्हणाली, "पुढच्या बारीला गेलीस तर माझी दुसरी गोधडी आन. आनि जुना चष्मा." मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात ज्याची फाइल तीन महिने अडवून ठेवली होती, त्याच्या कागदांवरसुद्धा त्या दिवशी सही करून टाकली. गोधडी मागवणारं माणूस परत जात नाही.

आक्कांच्या मुलाला मुलगी झाली होती. मुलगा अर्थातच पुण्याचा, पण बारसं बेळगावात. आदल्या दुपारी इमारतीतल्या बायका आक्कांच्या हॉलमध्ये विडे करायला जमल्या. आईलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मी रजा टाकून घरी होते, तिच्याबरोबर गेले. सतरंजीवर पानं, सुपारी, कात, बडीशेप, गुलकंद, लवंगा असं सगळं मांडलं होतं. बायका पानाचा त्रिकोण करून वर लवंग टोचत होत्या. निम्मे विडे ठेवता ठेवता सुटत होते आणि मग सगळ्या मिळून हसत होत्या. काम कमी आणि हसणं जास्त, अशी बेळगावची कामाची रीत. आई थोडा वेळ बघत बसली. तिला ते बघवेना. सुटणारी वस्तू तिला बघवत नाही.

"आक्का, सूप हाय का वो घरात? आनि एक कात्री द्या."

आक्कांनी हसत दिलं. आई भिंतीला पाठ टेकून बसली, एक पाय लांब पसरला, सूप मांडीवर घेतलं. दहा-बारा पानं एकावर एक ठेवून कात्रीने कडा छाटल्या, सगळी एका मापाची. एक बाई म्हणाली, "अगं बाई, विड्याचं पान कापतात का कोणी?" तिचं बोलून होईपर्यंत आईचे चार झाले होते. त्रिकोण नाही, लांबट, गोल, घट्ट. गजऱ्याचा दोरा पडला होता, तो ओढून घेऊन प्रत्येकाला दोन वेढे. अंगठ्याच्या नखाने तोंड आत. पंचवीस झाले की एक जुडी. तिची बोटं मला लहानपणी दिसायची तशीच चालली होती, वर न बघता, आणि ती बोलतही होती, आक्कांना विचारत होती बाळ कोणावर गेलंय. बायकांचे हात थांबले. सगळ्या बघायला लागल्या. अभिमानाने माझी छाती भरून आली, आणि त्याच वेळी मी हाताला काही तरी काम हवं म्हणून चुन्याची डबी उचलली.

"हे तर अगदी विडीसारखं झालं की ओ!" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "काय तो हात! कुठं शिकलात हो?"

आई खुलली. वडील गेल्यापासून तिचा चेहरा मी असा बघितला नव्हता. "शिकायचं काय त्यात? चाळीस वरसं ह्येच केलं की. दिसाला हजार वळायचो. माझ्या जुडीतली एक विडी कधी खराब म्हून छाटात निगाली न्हाय."

आक्कांनी काही कुजकट मनाने विचारलं नाही. त्यांना खरंच नवल वाटलं. "तुम्ही वळायच्या? पण वखार तर तुमची होती ना? मालकीणबाई कशाला वळतील?"

आईने माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात चुन्याची डबी होती. मी डबीकडे बघत बसले. डबीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही छोटं, तेही मराठीत. कन्नड असतं तर अडखळले तरी चाललं असतं. ऑफिसात मी मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत भांडते. त्या दुपारी मला एकही भाषा येत नव्हती.

आईला किती वेळ लागला? एक विडी बांधायला लागतो तेवढा. मग ती हसली आणि म्हणाली, "व्हय की, वखार हाय आमची. गल्लीतल्या बायका वळत बसायच्या, त्यांच्यात मीबी बसायचो, हौसंनं. मालकिनीला येळ कुटं जातोय?"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. आक्का म्हणाल्या, "बघा गं, हौस असावी तर अशी. नाहीतर आपण!" पुन्हा हसणं सुरू झालं. आईने कात्री खाली ठेवली, सूप बाजूला सरकवलं, पसरलेला पाय आवरून मांडी घातली. मग एक न कापलेलं पान उचललं आणि बाकीच्यांसारखा त्रिकोण करायला लागली. हळूहळू. तिचा विडा सुटला. पुन्हा केला, पुन्हा सुटला. शेजारच्या बाईने तिला प्रेमाने दाखवलं, लवंग कशी टोचायची. आई म्हणाली, "असं व्हय?" आणि उरलेली सगळी दुपार तिने वाईट विडे केले. दिसाला हजार वळणारी माझी आई, एक त्रिकोण जमत नाही असं दाखवत बसली होती, माझ्यासाठी.

घरी आल्यावर मी वाट बघत होते, ती आता बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चहा केला, पातळच केला, आणि म्हणाली, "हितलं पानी सोसंना गं मला. पोट बिघडतंय." मी म्हणाले, आई. ती म्हणाली, "सकाळची कोल्हापूरची गाडी कितीला हाय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी बारशाच्या आधीच ती गेली. गोधडी अजून आणायचीच होती, त्यामुळे तेवढं ओझं वाचलं. बारशाला मी एकटी गेले, जेवले. आईच्या विड्यांचं फार कौतुक झालं. ताटातले बाकीचे सगळे सुटले होते, दोरा बांधलेले तेवढे शाबूत होते.

पंधरा दिवसांनी मी निपाणीला गेले. गल्लीत शिरताना शिंकले. दुपारची वेळ, उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका सूप घेऊन बसलेल्या, आणि आई शेजारणीच्या उंबऱ्यावर, तिच्या पानांना मदत करत. मला बघून शेजारीण म्हणाली, "आलीस व्हय गं? एवढं वंगाळ पानी पितीस तू तिकडं?" मला आधी कळेना. मग समोरची म्हणाली, माझ्या नणंदेचे केस गळले बेळगावच्या पाण्याने. तिसरी म्हणाली, "डाळ शिजंना म्हनं." आई खाली मान घालून पान कापत होती आणि मधूनच भर घालत होती, वास येतो, पिवळं दिसतं, उकळून प्यालं तरी पोटात खळबळ. पंधरा दिवसांत तिने बेळगावच्या पाण्याविरुद्ध अख्खी गल्ली उभी केली होती. तसंही बेळगावला नावं ठेवायला आमच्या गल्लीला पुरावा लागत नाही. आई परत का आली, हे कोणी विचारू नये म्हणून एका शहराचं पाणी नासवून ठेवलं होतं तिने. लेक वाईट म्हणण्यापेक्षा पाणी वाईट म्हटलेलं बरं.

मला ते ऐकवेना. डोळे भरून आले आणि त्याचा रागही आला. मी उभ्या उभ्या म्हणाले, "पाणी चांगलं आहे. मी तिथं सगळ्यांना सांगितलंय की निपाणीत आमची स्वतःची वखार आहे. म्हणून आई परत आली."

हात थांबले. एकाच वेळी चार-पाच सुपं थांबलेली मी पहिल्यांदाच बघितली. मग शेजारीण म्हणाली, "कुनाची वखार? तुज्या बाची?" आणि ती जी हसायला लागली, की तिच्या मांडीवरची तंबाखू सांडली. समोरची म्हणाली, "मालकीनबाई, जरा ती पानं सरकवा की हिकडं!" गल्ली हसली. कोणी मला वाईट बोललं नाही. खोटं बोलल्याबद्दल नाही की लाजल्याबद्दल नाही. त्यांनी मला चहा दिला. माझ्या डोक्यावरून मणाचं ओझं उतरलं, आणि मी पण हसायला लागले, रडत रडत.

आई हसली नाही. बायकांचं हसणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग कात्री पुसत म्हणाली, "हितं सांगून काय मोठा पराक्रम केलास? हितं तुज्या बाला पोती उचलताना सगळ्या गल्लीनं बगितलंय. तिकडं सांग. ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी फोन कर. हाय त्या गाडीत बसून येतो मी. पानी गोड लागंल मला."

याला आता चौथा महिना. बेळगावची हवा उत्तम आहे, सगळे तसं म्हणतात. आईचा पाय अधूनमधून दुखतो, फोनवर ती सांगत नाही, शेजारीण सांगते. मी तीनदा आक्कांना सांगायला निघाले. एकदा त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे होते. एकदा त्यांनी दार उघडताच हातात कुंद्याची वाटी दिली. परवा त्या जिन्यातच भेटल्या, दोघीच होतो, कोणी नव्हतं. म्हणाल्या, "आई कधी येणार गं? बाकावर एकटीला बसवत नाही मला." मी म्हणाले, "आक्का, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बोल की."

मी विचारलं, वरची टाकी धुवायला माणूस कधी येणार आहे. त्या म्हणाल्या, रविवारी.

आई अजून निपाणीतच आहे.